मुक्काम कोणी ठरवायचा?

घर विकायचं, त्या पैशातून एक मोठा ट्रेलर आणि तो ओढणारा पिकअप ट्रक घ्यायचा, उरलेलं सामान वाटून टाकायचं आणि मुलांना घेऊन निघायचं. परत कधी यायचं हे ठरवायचं नाही. परतायला जागाच मागे ठेवलेली नसते. अमेरिकेत असं राहणारे लोक पूर्वीही होते, पण त्यांत निवृत्त जोडपी अधिक. २०२० नंतर लहान मुलांची कुटुंबंही निघाली. शाळा बंद होत्या, कचेऱ्या बंद होत्या, काम लॅपटॉपवर आलं होतं. ते शहरातल्या घरात बसून करायचं की युटाच्या लाल खडकांपाशी, एवढंच ठरवायचं उरलं होतं. २०२१ साली तिथल्या कारखान्यांतून सहा लाख आरव्ही (असे ट्रेलर आणि राहण्याजोग्या गाड्या) बाहेर पडल्या, हा उच्चांक होता. बहुतेक गाड्या सुट्टीपुरत्याच वापरल्या जातात हे खरं, पण त्या लाटेत काही कुटुंबांनी घराचा उंबरा कायमचा ओलांडला. २०२२ मध्ये स्टारलिंकने आरव्हीसाठी उपग्रहावरून इंटरनेट द्यायला सुरुवात केली आणि निर्जन माळावरूनही ऑफिसची मीटिंग होऊ लागली.

या जगण्यात मुलांना काय मिळतं, ते आधी नीट पाहिलं पाहिजे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची रुंदी साडेआठ फुटांच्या आत ठेवावी लागते. मुक्कामी पोहोचल्यावर भिंतीचा एखादा भाग यंत्राने बाहेर सरकतो, तेव्हा बसायची जागा जराशी ऐसपैस होते. मागच्या बाजूला मुलांचे एकावर एक पलंग. अशा घरात वाढणाऱ्या मुलाला पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. स्वच्छ पाण्याची एक टाकी, अंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची दुसरी, संडासाची तिसरी. तिसरी भरत आली की डम्प स्टेशनवर गाडी लावायची, हातमोजे घालायचे, जाड नळी जोडायची, आधी संडासाची टाकी सोडायची आणि मग सांडपाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळी धुऊन निघते. नळजोडणी नसलेल्या जागी मुक्काम असला तर स्वच्छ पाणी किती दिवस पुरेल याचा हिशोब दहा वर्षांची मुलगी करते. तीस अँपिअरच्या जोडणीवर एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की वीज जाते, हे तिच्या धाकट्या भावालाही ठाऊक असतं.

आणि बाहेर अख्खा देश असतो. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत ज्युनिअर रेंजर नावाचा उपक्रम चालतो: मुलाने पुस्तिका सोडवायची, रेंजरला दाखवायची, उजवा हात वर करून शपथ घ्यायची आणि बिल्ला मिळवायचा. येलोस्टोनचे उसळते झरे, मेसा व्हर्डेतली कड्याच्या कपारीत बांधलेली घरं, कॅलिफोर्नियातलं मॅन्झनार. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना जिथे कोंडलं होतं, त्याच जमिनीवर उभं राहून ऐकलेला इतिहास मूल सहसा विसरत नाही. म्हणून ‘मुलांचं शिक्षण बुडतं’ ही आपल्याकडे चटकन येणारी शंका मला पुरेशी वाटत नाही. आईबाप मेहनती असतील तर गणित, भाषा, विज्ञान ट्रेलरच्या टेबलावरही होतं.

मला विचारायचं आहे ते वेगळं. निघायचा दिवस कोण ठरवतं? राष्ट्रीय वनांत आणि सरकारी माळरानांवर एका जागी साधारण चौदा दिवस राहता येतं. खासगी कॅम्पग्राउंडवर बुकिंग संपलं की जागा रिकामी करावी लागते. काही जागा पंचावन्न वर्षांवरच्यांसाठीच राखलेल्या असतात, तिथे मुलांना थाराच नाही. कॅम्पग्राउंडवर मुलांची गट्टी तासाभरात जमते. सायकली आडव्या टाकल्या जातात, ओढ्याकडे धाव सुटते. रविवारी सकाळी शेजारचा ट्रेलर हलतो. सहा वर्षांचं मूल हे झेलतं. पण बाराव्या-तेराव्या वर्षी मैत्रीला भांडण लागतं, अबोला लागतो, आणि अबोला धरला तरी दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर शेजारी बसावंच लागणं, हेही लागतं. शाळा ही सक्ती पुरवते. ज्या मुलाला भांडलेल्या मित्राचं तोंड पुन्हा पाहावंच लागत नाही, त्याला समेट करण्याचा सराव कुठून मिळणार? भावंडं तो देतात, पण भावंडं घरचीच.

कोणी म्हणेल, एका गावात राहणाऱ्या मुलाला तरी कोण विचारतं? आपल्याकडे बँकेत, रेल्वेत, पोलीस खात्यात बदलीची नोकरी करणाऱ्यांची मुलं दर काही वर्षांनी गाव बदलतच वाढली. बरोबर. पण बदलीच्या गावी शाळा होती, वर्गशिक्षिका होत्या, हजेरीपटावर नाव होतं. मूल चार दिवस दिसलं नाही तर घरी निरोप यायचा. आईबापांपलीकडचं कोणीतरी त्या मुलाची मोजदाद ठेवत होतं.

फिरत्या कुटुंबातल्या मुलाची अशी मोजदाद ठेवणारं कोणी नसू शकतं, आणि ते पूर्णपणे कायदेशीर असतं. कागदोपत्री कुटुंबाला एखादं राज्य लागतं: परवान्यासाठी, विम्यासाठी, टपालासाठी. बहुतेक जण साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा निवडतात, कारण तिथे राज्याचा आयकर नाही. १९७८ मध्ये स्थापन झालेला एस्केपीज हा क्लब टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावचा पत्ता देतो आणि टपाल जिथे असाल तिथे पाठवतो. साउथ डकोटात एक रात्र राहिल्याची पावती दाखवून वाहन परवाना मिळवता येतो. घरी शिकवण्याचे नियमही राज्यागणिक वेगळे. फ्लोरिडात मुलाच्या प्रगतीचं दरवर्षी मूल्यमापन सादर करावं लागतं. टेक्सासमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या निकालानंतर घरातली शाळा ही खासगी शाळाच मानली जाते, तिची कुठे नोंदणी करावी लागत नाही. म्हणजे मुलावर बाहेरची नजर किती असावी, हेही राज्य निवडताना आईबापच ठरवून टाकतात. बहुसंख्य आईबाप चांगले असतात, यात मला शंका नाही. पण एखादं मूल रडवेलं, रोडावलेलं, गप्प झालेलं असेल, तर ज्याच्या ते लक्षात येईल असा माणूस बाहेर असायला हवा, आणि चौदा दिवसांत ओळख होते तेवढ्यात गाडी हलते.

पालकांच्या अधिकाराची अमेरिकेत फार मोठी परंपरा आहे. मुलांना सरकारी शाळेतच घातलं पाहिजे असा ओरेगॉनचा कायदा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये रद्द केला. १९७२ मध्ये विस्कॉन्सिनच्या आमिश कुटुंबांना आठवीनंतर मुलांना शाळेतून काढण्याची मुभा मिळाली. त्या दुसऱ्या खटल्यात न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी अंशतः वेगळं मत नोंदवलं: वाद आईबाप आणि राज्य यांच्यात चालला आहे, पण ज्याचं आयुष्य आहे त्या मुलाचं म्हणणं काय, ते विचारायला हवं. ते मत अल्पमतात राहिलं. मला ते आजही सगळ्यांत शहाणं वाटतं, आणि ट्रेलरमध्ये वाढणाऱ्या मुलाला तर जसंच्या तसं लागू पडणारं.

त्याच कॅम्पग्राउंडवर दुसरंही एक मूल असतं. त्याचा ट्रेलर जुना असतो, टायर उतरलेले असतात, आणि त्याचे आईबाप तिथे आलेले असतात ते भाडं परवडेनासं झालं म्हणून. १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यानुसार, दुसरी योग्य जागा नाही म्हणून मोटेलात, ट्रेलर पार्कात किंवा कॅम्पग्राउंडवर राहणारं मूल बेघर विद्यार्थी ठरतं. त्याला हक्क मिळतात: जन्मदाखला, जुने निकाल, पत्त्याचा पुरावा नसला तरी तात्काळ प्रवेश, प्रत्येक शाळा जिल्ह्यात अशा मुलांसाठी नेमलेला एक माणूस, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो म्हणजे, कुटुंब हललं तरी जुन्याच शाळेत राहण्याचा हक्क आणि तिथवर जाण्या-येण्याची सोय. घर फिरेल, शाळा फिरणार नाही. हा कायदा लिहिणाऱ्यांना मुलाचं मन कळलं होतं.

कायदा हौसेने आणि नाइलाजाने राहणाऱ्यांत फरक करतो, तो योग्यच आहे. मदतीची गरज सारखी नसते. आरव्हीला तर घरबांधणीच्या सरकारी नियमांत घर म्हणतच नाहीत, ते करमणुकीचं वाहन. हौशी कुटुंबाला याचा त्रास होत नाही. गरिबाला होतो. माउंटन व्ह्यूमध्ये, गूगलच्या मुख्यालयाच्या गावात, क्रिसँटो अव्हेन्यूवर आरव्हींची रांग वर्षानुवर्षं उभी असायची. त्यांत राहणारे अनेक जण त्याच गावात राबणारे होते. २०२० मध्ये गावाने मतदान करून अरुंद रस्त्यांवर मोठ्या गाड्या उभ्या करायला बंदी घातली. त्या परिसरात मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात आठवड्यासाठी आरव्ही भाड्याने घेऊन योसेमिटीला जाणं त्यांच्यात आता सवयीचं झालंय. कायमचं निघणं मात्र एच-१बी व्हिसावर असलेल्यांना जमणारं नाही: कामाची जागा दुसऱ्या महानगरात गेली की अर्ज नव्याने भरा, पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवा. भटकण्याचं स्वातंत्र्यही नागरिकत्वाच्या आणि पैशाच्या हिशोबाने वाटलेलं असतं.

मुलं फिरती झाली की शाळेने काय करावं, हे अमेरिकेने पूर्वी एकदा फार सुंदर करून दाखवलं होतं. १९३० च्या दशकात दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी उठवलेली ओक्लाहोमाकडची कुटुंबं कॅलिफोर्नियात मजुरीला आली. गावच्या शाळांत त्यांच्या मुलांना हिणवलं जाई. कर्न काउंटीचे शिक्षणाधिकारी लिओ हार्ट यांनी १९४० मध्ये या मजुरांच्या वीडपॅच छावणीच्या शेजारी त्या मुलांसाठी शाळा उभी केली, आणि ती मुलांनी शिक्षकांबरोबर स्वतःच्या हातांनी बांधली.

हा पेच मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर भागांतून ऊसतोडीची कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुलं बरोबर जातात, पाचटाच्या कोपीत राहतात, थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येईपर्यंत शाळेचं वर्ष हातातून गेलेलं असतं. उपाय दोन झाले. साखरशाळा म्हणजे मुलाच्या मागे शाळा न्यायची. हंगामी वसतिगृह म्हणजे आईबाप गेले तरी मुलाला त्याच्या गावच्या शाळेपाशी ठेवायचं, आजी-आजोबांच्या किंवा नातेवाइकांच्या आधाराने. दोन्हींत उणिवा आहेत. साखरशाळेत हंगाम संपला की सगळं विखुरतं. वसतिगृहातल्या मुलाला रात्री आई हवी असते. तरी दुसरी वाट मला अधिक पटते, कारण ती मुलाला त्याची जागा राखून ठेवते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे.

कोपीतलं मूल आणि तीन टाक्यांच्या ट्रेलरमधलं मूल यांची परिस्थिती एक आहे, असं मी चुकूनही म्हणणार नाही. एकाच्या बापावर उचल फेडायची आहे, दुसऱ्याच्या बापाने स्वप्न पुरं केलंय. तुलना एवढ्याचपुरती, की निघायचा दिवस दोघांपैकी एकालाही विचारून ठरलेला नाही. मुकादमाला थांबा म्हणण्याची ताकद ऊसतोड्याच्या मुलात येणं फार दूरची गोष्ट आहे. त्यासाठी मजुरी, कर्ज, शेती, पाणी सगळंच बदलावं लागेल. ट्रेलरमधल्या मुलाला ती ताकद उद्या देता येते. देणारे त्याचे आईबाप समोरच्या खुर्चीत बसलेले आहेत.

काही कुटुंबं ती देतात. मुलं हायस्कूलच्या वयाची झाली की अनेक जण थांबतात: संघात खेळायचं असतं, नाटकात काम करायचं असतं, कुणाची तरी ओढ लागलेली असते. पण तोवर वाट का पाहायची? हिवाळ्यात उत्तरेकडे नळ गोठतात, तेव्हा बरीच कुटुंबं टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडात काही महिने एकाच ठिकाणी काढतात. तेवढ्या महिन्यांसाठी जवळच्या शाळेत जायचं का, हे मुलाला विचारावं आणि ‘हो’ म्हणालं तर पाठवावं. शाळेत नाव घालायला हद्दीत राहत असल्याचा पुरावा लागतो. कॅम्पग्राउंडची पावती त्यासाठी सगळीकडे चालायला हवी. कागद नसलेल्या मुलाला त्याच दिवशी वर्गात घेण्याची पद्धत प्रत्येक शाळा जिल्ह्याला माहीत आहे, ती हौसेने फिरणाऱ्यांच्या मुलांपर्यंत वाढवायला नवी यंत्रणा लागणार नाही. आणि मार्चमध्ये, पुढच्या उद्यानाचं बुकिंग झालेलं असताना मुलगी म्हणाली की जूनपर्यंत, शाळेचं वर्ष संपेपर्यंत राहू या, तर बुकिंगचे पैसे बुडवून राहावं. घर विकताना डिझेलचा, विम्याचा, टायरांचा खर्च मांडला जातो. त्याच वहीत हाही मांडून ठेवावा.