अर्धा कॅनव्हास

मधोमध गोल पृथ्वी, तिला खालून धरलेले दोन हात, वर चोचीत डहाळी घेतलेलं कबूतर, कडेनं नाना वेशांतली मुलं. जागा उरलीच तर एक झाड, अर्धं हिरवं आणि अर्धं वाळलेलं. ‘विश्वबंधुत्व’ किंवा ‘आपली पृथ्वी’ असा विषय फळ्यावर लिहिला की दोन तासांत हेच चित्र वर्गातल्या निम्म्या कागदांवर उमटतं. २०२३ मध्ये जी-२० परिषदेचं यजमानपद आपल्याकडे होतं आणि ‘वसुधैव कुटुंबकम्’ हे तिचं घोषवाक्य होतं. त्या वर्षी तर या पृथ्वीला किती हात लागले असतील देव जाणे.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. परीक्षकाला काय आवडतं हे त्यांना आपल्याआधी कळतं. पण असं चित्र काढून झाल्यावर त्या मुलाचं जगातल्या दुसऱ्या कुणाशी काय नातं जुळलं? परदेशातलं एक तरी मूल त्याला आधीपेक्षा जास्त ठाऊक झालं का? चित्र परीक्षकापर्यंत जातं, तिथून कपाटात आणि कपाटातून रद्दीत. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत जागतिक नागरिकत्वाचं शिक्षण हे एक लक्ष्य आहे आणि त्यासाठी २०३० ची मुदत आहे. मुदत पाळायची म्हणून शाळा स्पर्धा घेतात. माझं म्हणणं असं, की चित्रकलेच्या तासाला जग खरोखर शिकवता येतं, पण त्यासाठी आधी ही ‘जग’ नावाची आकृती बाजूला ठेवावी लागेल.

१९४९ या एकाच वर्षातल्या तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातल्या एका खेड्याला युनिसेफची मदत मिळाली. तिथल्या सात वर्षांच्या मुलीनं आभाराचं चित्र काढलं. कागद मिळत नव्हता म्हणून काचेवर. खांबाभोवती नाचणारी मुलं असलेलं ते चित्र १९४९ मध्ये युनिसेफचं पहिलं शुभेच्छापत्र झालं. त्याच वर्षी टोकियोतल्या मुलांनी पत्रं लिहून पंडित नेहरूंकडे हत्ती मागितला. उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती युद्धकाळात उपाशी ठेवून मारले गेले होते. नेहरूंनी ‘इंदिरा’ नावाची हत्तीण पाठवली, भारतातल्या मुलांच्या वतीनं. आणि त्याच वर्षी व्यंगचित्रकार शंकर यांनी मुलांची चित्रस्पर्धा सुरू केली. पुढच्याच वर्षी ती इतर देशांतल्या मुलांना खुली झाली. शंकर यांच्या साप्ताहिकाच्या बालविशेषांकासाठी नेहरूंनी मुलांना जे पत्र लिहिलं, त्यात या हत्तिणीचा उल्लेख आहे. काचेवरचं चित्र आणि हत्तीसाठीची पत्रं यांत विश्वबंधुत्व हा विषय कुणी दिलेला नव्हता. कुणाचे तरी आभार मानायचे होते, कुणाकडून तरी काहीतरी हवं होतं. पलीकडे माणूस होता. शंकर यांच्यानंतर आपण स्पर्धा तेवढी उचलली, पलीकडचा माणूस मात्र गाळला.

याच्या उलट टोकाचंही, म्हणजे चित्र कुणालाच उद्देशून नसण्याचं, एक उदाहरण आहे आणि ते मला जास्त विचारात पाडतं. व्हिएन्नातले फ्रान्झ चिझेक १८९७ पासून मुलांचा चित्रवर्ग चालवत. मोठ्यांनी मुलांच्या चित्रात ढवळाढवळ करू नये, असं त्यांचं मत. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाची उपासमार चालू असताना त्यांच्या विद्यार्थ्यांच्या चित्रांचं प्रदर्शन १९२० मध्ये लंडनला भरलं आणि मग ब्रिटनभर फिरलं. त्यातून ‘सेव्ह द चिल्ड्रन’साठी पैसे उभे राहिले. दोनच वर्षांपूर्वी ऑस्ट्रिया हा शत्रू होता. चित्रांत शांततेचा संदेश वगैरे काही नव्हतं. सण होते, ऋतू होते, घरची माणसं होती. इंग्रज प्रेक्षकाला शत्रूची मुलं त्यांच्या नेहमीच्या जगण्यात दिसली आणि तेवढं पुरलं. संदेश घातला असता तर कदाचित तो वाचून लोक पुढे गेले असते.

चिझेक यांच्याकडे काही काळ शिकलेली एक विद्यार्थिनी म्हणजे फ्रीडल डिकर-ब्रँडाइस. पुढे ती वायमारच्या बाउहाउसमध्ये शिकली. ज्यू असल्यामुळे डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी तिला तेरेझिनच्या छावणीत पाठवलं. बरोबर नेता येणाऱ्या मोजक्या सामानात तिनं चित्रांचं साहित्य भरलं आणि छावणीत मुलांचे वर्ग घेतले. कागद मिळेल तो, जुने सरकारी फॉर्म, वेष्टनाचे तुकडे. भोवती इतकी भीषणता असताना ‘छावणी काढा’ असा विषय ती देत नसे. फुलं, खिडकीतला देखावा, रेषेची लय, जुन्या चित्रकारांच्या रचना असं काय काय ती करून घेई. आणि एक गोष्ट कटाक्षानं पाळे: प्रत्येक मुलानं आपल्या चित्रावर स्वतःचं नाव घालायचं. जिथे माणसाचा वाहतुकीच्या यादीतला एक आकडा करून टाकला होता, तिथे ही सही म्हणजे नागरिकत्वाचा धडाच होता. तो शब्द वर्गात कधी उच्चारलाही गेला नसेल. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑश्विट्झला नेऊन मारण्यात आलं. बहुतेक मुलंही वाचली नाहीत. त्याआधी लपवून ठेवलेली सुमारे ४,५०० चित्रं दोन सुटकेसमधून युद्धानंतर प्राग शहरात पोचली आणि आज तिथल्या ज्यू संग्रहालयात आहेत. आपल्या स्पर्धांत नाव कागदाच्या मागे, इयत्ता आणि तुकडीखाली लिहायचं असतं. निःपक्षपातीपणासाठी ते ठीकच आहे म्हणा.

एकत्र काम करण्याचा धडा वेगळा. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘किड्स गेर्निका’ उपक्रमात ठिकठिकाणची मुलं पिकासोच्या ‘गेर्निका’एवढ्या, म्हणजे साधारण साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब कॅनव्हासवर चित्र काढतात. एवढ्या पटावर एकट्याचं चालत नाही. मधली जागा कुणाला, कुणाचा रंग कुणाच्या आकृतीवर चढला, ती खोडायची की ठेवायची, यावर भांडणं होतात आणि ती व्हावीतच. जपानमधल्या ‘आर्ट माइल’ उपक्रमात आणखी एक पाऊल पुढे जातात. एका शाळेनं मोठ्या कॅनव्हासचा आपला अर्धा भाग रंगवायचा आणि तो परदेशातल्या जोडीदार शाळेला पाठवायचा. उरलेला त्या मुलांनी पुरा करायचा. अर्ध्यावर सोडून देणं मुलांना फार जड जातं. पलीकडचा वर्ग आपला डोंगर कसा पुढे नेईल, समुद्रात बुडवील की काय, हे हातात नसतं.

पण जोडलेलं असणं नेहमी गोडच असतं, असा समज यातून मुलांचा होऊ नये. म्हणून मला रंगपेटीपासून सुरुवात करावीशी वाटते. आठवीचा वर्ग घ्या आणि तिमाहीभर एकच रंग धरा, निळा. अजिंठ्याच्या लेण्यांत बहुतेक रंग आसपासच्या माती-दगडांतले आहेत, गेरू, पिवळी माती, काजळी, चुना. निळा तेवढा परका. तो लाजवर्द दगडाचा आणि तो दगड आला अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींकडून. म्हणजे पाचव्या शतकातल्या चित्रकाराच्या कुंचल्यावर व्यापाऱ्यांचा अख्खा रस्ता होता. दुसरा निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये जवळजवळ अपघातानं तयार झाला, प्रशियन ब्लू. तो जपानला पोचला, होकुसाईनं त्यात आपली प्रसिद्ध लाट छापली, आणि जपानी छापचित्रं युरोपात गेल्यावर व्हॅन गॉगसारखे चित्रकार त्यांच्यामागे वेडे झाले. रंग एका वाटेनं गेला आणि दृष्टी दुसऱ्या वाटेनं परत आली.

तिसरा निळा आपल्या शेतातला. युरोपातल्या कापडाला नीळ हवी म्हणून बंगालात रयतेला ती पेरायला भाग पाडलं गेलं. १८५९ मध्ये शेतकऱ्यांनी नकार दिला, १८६० मध्ये दीनबंधू मित्र यांचं ‘नीलदर्पण’ नाटक प्रसिद्ध झालं. बिहारमधल्या चंपारणमध्ये बिघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठे निळीसाठी राखण्याची सक्ती होती. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीनं कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि मळ्यांचा धंदा बसू लागला. मळेवाल्यांनी तोटा भाडेवाढीच्या आणि भरपाईच्या रूपानं कुळांच्या माथी मारला. मग महायुद्ध लागलं, जर्मन माल अडला आणि शेतातल्या निळीला पुन्हा भाव आला. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला पोचले ते या सगळ्यानंतर. राइन नदीकाठची ती जर्मन प्रयोगशाळा आणि बिहारमधलं कूळ एकमेकांशी जोडलेले होतेच की! दोघांची कधी गाठही पडली नसेल.

इथे चित्रकलेच्या शिक्षिका विचारतील, हा तास माझा आहे की इतिहास-भूगोलाचा? प्रश्न रास्त आहे. हे सारं तक्त्यावर लिहून काढायचं असेल तर त्यांनी नाहीच म्हणावं. पण गेरू दगडावर उगाळताना तो बोटाच्या रेषांत बसतो. निळीच्या पिंपातून काढलेलं कापड आधी पिवळट-हिरवं दिसतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. प्रशियन निळ्याचा एक थेंब पांढऱ्यात पडला की सगळं ताट व्यापतो. हे हाताला कळल्यावर चंपारणची गोष्ट वेगळी ऐकू येते. शेवटी चित्र कशाचं काढायचं ते मुलांवर सोडावं. कुणी मळ्यातला मुकादम काढेल, कुणी नुसतंच आभाळ. चिझेक यांचं तेवढं मात्र ऐकायला हवं.

याला पैसा फारसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि चित्रकलेचा तास तर परीक्षा जवळ आली की आधी गणिताकडे जातो. जोडीदार शाळाही परदेशातलीच हवी असं नाही. कोल्हापूरच्या वर्गानं अर्धा कॅनव्हास गडचिरोलीला पाठवला तरी मुलांना पुष्कळ नवं कळेल. मुख्याध्यापक विचारतील, पलीकडचा अर्धा भाग परत आलाच नाही तर गुण कसे द्यायचे? न आला तर अर्धाच भिंतीवर लावावा आणि तो का आला नाही हे मुलांना शोधू द्यावं. टपाल हरवलं, सीमाशुल्कानं अडवलं, तिकडे लढाई पेटली, की बाईंची बदली झाली.