वहीतला एकच शब्द



आज वाचनात आला गीतेच्या अठराव्या अध्यायातला 22वा श्लोक. ज्ञानाचे तीन प्रकार सांगताना भगवंत तामस ज्ञानाची खूण देतात: एकाच गोष्टीला सर्वस्व समजून चिकटून बसायचं, त्याला ना कारण, ना तत्त्वाचा आधार. असं ज्ञान तोकडं असतं.

वाचता वाचता गेल्या महिन्यातला इंटरव्ह्यू आठवला. प्रश्न विचारणारा मीच होतो. समोरच्याच्या रेझ्युमेवर नऊ वर्षं पीएचपी. आमच्या टीममध्ये पीएचपी म्हटलं की जोक ठरलेला. तो सांगत होता, चालू सिस्टीम बंद न पाडता डेटाबेस कसा बदलला ते. मी घड्याळ बघत होतो. नंतर मॅनेजरने विचारलं, "नकार का?" वही उघडली, तर पानावर एकच शब्द होता: पीएचपी.

विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो ते पीएचपीतच लिहिलंय, हे मला माहीत होतं. साठीच्या पुढे गेलेली कोबॉल अजून कितीतरी बँकांचे व्यवहार सांभाळते, हेही. माहिती होती, पण नजर तामस होती.

भाषा विचारूच नये असं नाही. कामाला गो लागत असेल आणि शिकवायला वेळ नसेल, तर विचारणं रास्तच. पण तो प्रश्न कामाचा झाला. मी भाषेवरून माणसाची बुद्धी मोजली. पहिली नोकरी जी भाषा हातात देते, तीच पुढे अनेकांची होते. त्यात त्याचा काय दोष?

आणि मी रोज सकाळी वाचतो काय, तर ज्ञानेश्वरी! शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, माउलींनी गीतेचा अर्थ संस्कृत न येणाऱ्यांसाठी मराठीत आणला. त्यांनी भाषेवरून पात्रता ठरवली असती, तर माझ्यापर्यंत गीता पोचली असती का?

ती जागा आता भरली. मॅनेजरला खरं काय ते सांगितलं, पण त्याने त्या माणसाची संधी परत येत नाही. ही बोच राहू दे. आता एक नियम केलाय: आधी विचारायचं, "तुम्ही सोडवलेला सगळ्यात अवघड प्रॉब्लेम कोणता?" उत्तर पूर्ण ऐकायचं. भाषेचा विषय त्यानंतर.

तुमच्या वहीतही असा कुणी एका शब्दात अडकलाय का? आज जरा बघा.

राम कृष्ण हरी.