चेस्ट फिजिओ दिली म्हणजे काय केलंत?

फाइली मिटा आणि इकडे बघा. आठवडाभर प्रत्येक फाइलीत एकच ओळ आहे: चेस्ट फिजिओ दिली, रुग्णाने सहकार्य केलं. खाली तुमच्या सह्या. आज राउंडला मी कॉटपाशी थांबून एकेकाला म्हटलं, 'शिकवलेला हफ करून दाखवा.' खिडकीजवळच्या आजींनी नुसता घसा खाकरला. त्यांच्या शेजारणीने गाल फुगवून फुंकर मारली. पुरुषांच्या वॉर्डात बायपास झालेले काका तीन गोळ्यांच्या यंत्रात जीव खाऊन फुंकत होते. त्या नळीतून श्वास आत ओढायचा असतो, एवढंही त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. सहकार्य त्या तिघांनी मनापासून केलं आहे. कसूर तुमची आहे.

'कफ साठलाय, जोरात खोका' हे वॉर्डातली मावशी सांगते, भेटायला आलेला मेहुणा सांगतो. तेवढंच सांगायचं असेल तर फिजिओथेरपीची पदवी कशाला हवी? छातीतला कफ जोराने निघत नाही. कफाच्या मागे हवा पोचावी लागते आणि ती हवा योग्य वेगाने, योग्य जागेहून बाहेर आणावी लागते. हे तुम्ही पाठ करून परीक्षेत लिहिलंत, गुणही मिळवलेत. कॉटपाशी आल्यावर ते कुठे जातं?

मुळापासून सांगते, कारण मुळातच घोटाळा आहे. श्वासनलिकेला फाटे फुटत फुटत वायुकोशांपर्यंत जवळजवळ तेवीस पायऱ्या होतात. निरोगी माणसाच्या नळ्यांच्या अस्तरावर सूक्ष्म रोमक असतात. सेकंदाला दहा-बारा वेळा हलून ते कफाचा पातळ थर वर ढकलत राहतात आणि तो नकळत गिळला जातो. ब्रॉन्किएक्टेसिसच्या रुग्णाकडे ही सोय उरलेली नसते. नळ्यांच्या भिंती खराब होऊन पसरलेल्या, रोमक नष्ट झालेले, कफ तिथेच साचतो, त्यात जंतू वाढतात, जंतूंमुळे भिंती आणखी खराब होतात. आपल्याकडे हे रुग्ण येतात कुठून, याचा विचार केलात का? भारतातल्या ३१ केंद्रांमधल्या २१९५ रुग्णांची नोंद २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांच्या आजाराचं मूळ जुन्या क्षयात होतं. म्हणजे औषधांचा कोर्स पुरा केलेली, 'बरी झालीस' असं ऐकून घरी गेलेली माणसं. क्षय गेला, पण रोज सकाळी अर्धी वाटी पिवळा कफ मागे राहिला. त्या माणसाला औषधाइतकीच, काही वेळा औषधापेक्षा जास्त, तुमची गरज आहे. आणि तुम्ही त्याच्यापाशी पाच मिनिटं उभे राहता.

आता खोकल्याकडे या. खोकताना माणूस खोल श्वास घेतो, स्वरयंत्राचं दार क्षणभर मिटतं, आतला दाब चढतो आणि दार उघडताच हवा सुटते. त्या दाबाने नळ्याही दबतात. ज्या जागी नळीच्या आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो, तिथून तोंडाकडच्या बाजूला नळी आवळली जाते. अरुंद झालेल्या नळीतून हवा वेगाने जाते आणि कफ खरवडून आणते. निरोगी नळीत हे उत्तम चालतं. ज्यांच्या नळ्यांच्या भिंतींत दमच उरलेला नाही, त्यांच्या नळ्या जोरदार खोकल्याने पार मिटून जातात. हवा मागे अडकते आणि कफही तिथेच राहतो. वर खोकल्याची उबळ लागते, माणूस घामाघूम होतो, ओठ निळे पडतात. असं झालं की तुम्ही 'टॉलरेट केलं नाही' असं लिहून पुढच्या कॉटकडे जाता. तुम्ही जे करायला लावलंत ते कोणत्याही माणसाला सहन झालं नसतं.

हफ यासाठीच आहे. तोंड उघडं, घसा उघडा, आणि चष्म्याच्या काचेवर वाफ धरायला काढतो तसा श्वास, फक्त लांब आणि पोटाच्या स्नायूंच्या बळाने. आवाज 'हाऽऽ' असा यायला हवा. घशात घासल्यासारखा आवाज आला तर घसा आवळलेला आहे, तिथेच थांबवा. ओठ आवळून फुंकर आली तर तोंडात कागदी नळकांडं धरायला द्या, तोंड आपोआप गोल उघडं राहतं. हे करून बघायला पैसे लागत नाहीत.

आणि किती श्वास घेऊन हफ करायचा, हे तुमच्यापैकी एकानेही रुग्णाला सांगितलेलं नाही. याच ठिकाणी सगळं शास्त्र आहे! छाती हवेने भरलेली असताना तो समान दाबाचा बिंदू मोठ्या नळ्यांत असतो. हवा कमी होत जाते तसा तो खोल, बारीक नळ्यांकडे सरकतो. म्हणून कफ खोल असेल तर मध्यम श्वास घ्यायचा आणि हफ लांब, हलका करायचा. कफ वर आल्याची घरघर ऐकू आली, हाताला जाणवली, की मग पूर्ण श्वास आणि छोटा, जोरकस हफ, किंवा एकच खोकला. एकच. खोल बसलेल्या कफावर पहिल्यापासून खोकल्याचा मारा केलात तर रुग्ण थकतो आणि कफ हलतही नाही. छातीवर हात ठेवून, स्टेथोस्कोप लावून कफ कुठे आहे हे आधी ऐका. स्टेथोस्कोप नुसता गळ्यात अडकवून फिरू नका.

हफच्या आधी खोल श्वास. तीन किंवा चार, त्याहून जास्त नाहीत, नाहीतर माणसाला गरगरतं. श्वास भरल्यावर साधारण तीन सेकंद थांबायचं. हे थांबणं तुम्ही सर्रास गाळता. बंद पडलेल्या भागात हवा उशिरा शिरते. शेजारच्या वायुकोशांमधल्या बारीक छिद्रांतून, आडवाटेने शिरते. तिला वेळ दिला तर ती कफाच्या मागे पोचते. वेळ दिला नाही तर हफ बाहेर टाकेल काय? फार धाप लागलेल्या माणसाला मात्र श्वास धरून ठेवायला लावू नका, आणि हा फरक कॉटपाशी उभं राहून माणसाकडे बघितल्यावरच कळतो.

या दोहोंच्या मध्ये येतो नियंत्रित श्वास. खांदे सैल, हात मांडीवर, छातीच्या खालच्या भागातून संथ, नेहमीचा श्वास. यालाच तुम्ही सगळ्यात जास्त हिणवता, कारण बघणाऱ्याला तिथे काही घडताना दिसत नाही. पण त्या विश्रांतीनेच आवळायला निघालेल्या नळ्या सैलावतात आणि रक्तातला ऑक्सिजन घसरत नाही. दम्याच्या रुग्णाला ही विश्रांती न देता हफमागून हफ करायला लावणं म्हणजे धाप ओढवून घेणं आहे. नियंत्रित श्वास, खोल श्वास, पुन्हा नियंत्रित श्वास, एक-दोन हफ, पुन्हा नियंत्रित श्वास: हे चक्र फिरत राहतं. लागोपाठ दोन चक्रांत हफ कोरडा आला, काही निघालं नाही, की थांबायचं. दहा मिनिटंही पुरतात, कधी अर्धा तास लागतो. घड्याळ बघून नाही, कफ बघून थांबायचं असतं.

हे तंत्र आलं कशासाठी, तेही ऐका. जोराने उच्छ्वास सोडण्याचे व्यायाम १९६८ साली न्यूझीलंडमध्ये दम्याच्या रुग्णांसाठी मांडले गेले. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात जेनिफर प्रायर आणि बार्बरा वेबर या दोन फिजिओथेरपिस्टनी त्या व्यायामांना शिस्त दिली. १९७९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा अभ्यास आला. सिस्टिक फायब्रोसिसचे रुग्ण या पद्धतीने, दुसऱ्या कोणी पाठ न थोपटता, कमी वेळात जास्त कफ काढत होते. तोवर या रुग्णांना रोज कुणाच्या तरी हातावर अवलंबून राहावं लागे. आई थकली, नवरा कामावर गेला, की कफ छातीतच. प्रायर आणि वेबर यांनी तो परावलंबीपणा संपवला. आणि त्यानंतर इतक्या वर्षांनी तुम्ही रुग्णाची पाठ थापटून परत येता आणि त्याला काहीच शिकवत नाही! सुटीच्या दिवशी तुम्ही नसता. डिस्चार्जनंतर तर कधीच नसणार. मग त्याने काय करायचं?

थापटण्याबद्दल एवढंच: हाडं ठिसूळ झालेल्या म्हातारीच्या बरगड्यांवर, कफात रक्त येणाऱ्याच्या छातीवर, नुकत्याच शिवलेल्या जखमेजवळ पुन्हा थाप पडलेली मला दिसता कामा नये. डोकं खाली करून झोपवण्याचंही तसंच. जेवण झालेल्या, आम्लपित्त उसळणाऱ्या, रक्तदाब चढलेल्या माणसाला उलटा झोपवू नका. बहुतेकांचं काम बसून किंवा कुशीवर झोपून होतं. कफात रक्त दिसलं तर सगळं बंद करून आधी डॉक्टरांना बोलवा.

मणक्याला इजा झालेला किंवा स्नायू दुबळे झालेला रुग्ण वेगळा. त्याच्या खोकल्याचा वेग पीक फ्लो मीटरवर मोजा. तो मिनिटाला २७० लिटरच्या खाली असेल तर त्याला मदत लागणार, आणि १६० च्या खाली असेल तर स्वतःच्या बळावर कफ निघणारच नाही. अशा माणसाला 'जोरात खोका' म्हणणं क्रूरपणा आहे.

टाके पडलेल्यांना तुम्ही भीतीत सोडून देता. बायको म्हणते, 'खोकू नका, टाके उसवतील.' काका तिचं ऐकतात, कारण तुम्ही काही बोललेलाच नसता. वेदनाशामक औषध कधी दिलं ते सिस्टरना विचारा आणि त्याचा अंमल चढल्यावर जा. त्यांना सरळ बसवा, घडी केलेली चादर किंवा उशी छातीवर दोन्ही हातांनी घट्ट धरायला लावा, आणि मग हफ. बायकोलाही शेजारी उभी करून दाखवा.

आता घरचं. खिडकीजवळच्या त्या आजींना मी विचारलं, घरी कफ आला की काय करता? म्हणाल्या, गिळते. सुनेसमोर, नातवंडांसमोर थुंकायची लाज वाटते. पूर्वी क्षय झाला होता हे शेजारी कळेल याची धास्ती वाटते. वर्षानुवर्षं चुलीचा धूर खाल्लेली ही बाई आपला खोकला घरच्यांपासून लपवत जगते आहे, आणि हे तुमच्या फाइलीत कुठेही नाही. तिला झाकणाचं भांडं द्या, त्यात जंतुनाशक घालायला आणि ते रोज धुवायला शिकवा. घरात कोणत्या वेळी तिला निवांतपणा मिळतो ते विचारा. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी मिळत असेल तर तीच तिची वेळ. रिकाम्या पोटी, नळ्या उघडणारा पंप घेऊन थोड्या वेळाने चक्र सुरू करायचं. स्टेरॉइडचा पंप मात्र कफ काढून झाल्यावर घ्यायचा. सुनेला बोलावून सांगा की हा कफ बाहेर येणं हाच उपचार आहे, आणि खोकला दाबणारी बाटली दुकानातून परस्पर आणायची नाही. क्षयाचे उपचार चालू असलेला रुग्ण असेल तर हे सगळं मोकळ्या हवेत, तुम्ही एन-९५ मास्क लावून, त्याच्या समोर नाही तर बाजूला उभं राहून.

उद्यापासून नाश्त्याची गाडी यायच्या आधी वॉर्डात हजर राहा. प्रत्येकाने एकच रुग्ण घ्यायचा आणि त्याच्यापाशी खुर्ची ओढून बसायचं. 'चेस्ट फिजिओ दिली' ही ओळ यापुढे चालणार नाही. कफ किती निघाला, रंग कसा होता, कितव्या चक्रानंतर हफ कोरडा झाला आणि रुग्णाने तुमच्या मदतीशिवाय काय करून दाखवलं, एवढं लिहायचं. रुग्णाने माझ्यासमोर पूर्ण चक्र स्वतः करून दाखवलं नाही, तर त्याचं काम पुरं झालं असं मी धरणार नाही, आणि तुमची त्या वॉर्डातली पाळीही पुरी झाली असं धरणार नाही.