विद्युतधारा, मांडणी आणि गणन

संगणक दिष्ट धारेवर, म्हणजे डीसीवर, चालतो, असे उत्तर पाठ्यपुस्तकात मिळते आणि व्यवहारापुरते ते बरोबर आहे. भारतात भिंतीतल्या सॉकेटमधून 230 व्होल्टची प्रत्यावर्ती धारा, म्हणजे एसी, येते. तिची वारंवारिता 50 हर्ट्झ असल्यामुळे ती सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. ट्रान्झिस्टरच्या मंडलांना असा पुरवठा चालत नाही. 0 आणि 1 या दोन स्थिती वेगळ्या ओळखायच्या, तर ज्या दाबाच्या आधाराने त्या ओळखायच्या तो स्थिर हवा. म्हणून संगणकाच्या पेटीतला एसएमपीएस किंवा लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर एसीची डीसी करतो. मात्र हे उत्तर आत शिरून तपासू लागले की सैल पडते. ते का सैल पडते, हा प्रश्न विजेपेक्षा तत्त्वज्ञानाचा अधिक आहे.

एसएमपीएसमध्ये आलेली धारा आधी एकदिश केली जाते. तेव्हा दाब सुमारे 325 व्होल्ट असतो. लगेच ती सेकंदाला हजारो, कधी लाखो वेळा तोडली जाते, कारण ट्रान्सफॉर्मर स्थिर धारेवर काम करत नाही आणि वारंवारिता वाढवली की तो लहान करता येतो. डीसी मिळवण्याच्या वाटेवर अशी पुन्हा एसी येते. शेवटी 12, 5 आणि 3.3 व्होल्टचे स्थिर दाब बाहेर पडतात, आणि प्रोसेसरच्या शेजारी ते सुमारे 1 व्होल्टपर्यंत उतरवले जातात. येथे तरी निखळ डीसी सापडावी. पण आजच्या प्रोसेसरमधली सीमॉस मंडले अशी रचलेली असतात, की स्थिती न बदलता थांबलेल्या मंडलातून, थोडी गळती सोडली तर, धारा वाहतच नाही. ती मुख्यतः बदलाच्या क्षणी वाहते. 0 चा 1 होताना पुढच्या ट्रान्झिस्टरवर विद्युतभार चढतो आणि 1 चा 0 होताना तो त्याच तारेने उतरतो. पुरवठा डीसीचा असतो. संदेश नेणाऱ्या सूक्ष्म तारेत मात्र धारा पुढे-मागे होत राहते.

‘जसे पाहाल तसे’ म्हणून येथे थांबणे सोपे आहे, पण त्याने मुद्दा सुटत नाही. गणनाला अमुक एका जातीची धारा लागतेच का, हे विचारायला हवे. त्याचे उत्तर जपानमध्ये प्रत्यक्ष यंत्र बांधून मिळाले. 1954 मध्ये टोकियो विद्यापीठात एइची गोतो यांनी पॅरामेट्रॉन शोधला. फेराइटची कडी, तारेची वेटोळी आणि एक कपॅसिटर एवढ्याच वस्तूंचे हे मंडल. त्याला प्रत्यावर्ती धारेने चेतवले की ते तिच्या निम्म्या वारंवारितेने दोलन पावते, आणि हे दोलन दोनच प्रकारे बसू शकते. एकाचा उंचवटा तेथे दुसऱ्याचा खळगा. गोतो यांनी एका दोलनाला 0 मानले, दुसऱ्याला 1. जॉन फॉन नॉयमन यांनीही त्याच वर्षी अशाच कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला होता. 1957 मध्ये मुसाशिनो-1 आणि 1958 मध्ये पीसी-1 हे संगणक पॅरामेट्रॉनवर उभे राहिले. त्यांच्यात अंक दाबाच्या उंचीत नव्हता, दोलनाच्या कलेत होता. ट्रान्झिस्टरच्या वेगापुढे ही यंत्रे मागे पडली, पण त्यांची बेरीज तीच बेरीज होती.

न्याय-वैशेषिकांची कारणमीमांसा येथे फार उपयोगी पडते. वस्त्राचे समवायी कारण तंतू, असमवायी कारण तंतूंचा संयोग आणि निमित्त कारण विणकर, असे तिचे वर्गीकरण आहे. त्याच धर्तीवर, धारा कोणती हा प्रश्न तंतूंविषयीचा आहे, आणि गणनाचे गणनपण संयोगाकडे, म्हणजे मांडणीकडे, जाते. क्लॉड शॅनन यांनी 1937 च्या प्रबंधात स्विचच्या जोडण्या आणि बूल यांचे तर्कगणित यांचा मेळ दाखवला, तोही जोडण्यांच्या आकृतिबंधावर उभा होता. पुढे 1967 मध्ये हिलरी पटनम यांनी मनाविषयी हाच विचार मांडला: एकच मानसिक अवस्था वेगवेगळ्या द्रव्यांत साकार होऊ शकते.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप जॉन सर्ल यांचा आहे. 0 आणि 1 निसर्गात नाहीत, ते पाहणाऱ्याने लादलेले अर्थ आहेत. असे अर्थ लावायचे ठरवले तर भिंतीतल्या रेणूंच्या हालचालींतही एखादी संगणकीय आज्ञावली शोधता येईल, असे ते म्हणत. आक्षेपाचा अर्धा भाग खरा आहे. जुन्या 5 व्होल्टच्या टीटीएल मंडलांत 0.8 व्होल्टपर्यंतचा दाब 0 आणि 2 व्होल्टच्या वरचा 1 धरला जाई. या सीमा अभियंत्यांनी ठरवल्या. पण त्या ठरल्यावर 0.2 आणि 0.6 यांतला फरक पुसण्याचे काम मंडल स्वतःच करते. अंधुक आलेला संकेत ते पुन्हा ठाशीव करून पुढे पाठवते. कोणी पाहत असो वा नसो, हे घडते. भिंतीतले रेणू असे काही करत नाहीत. म्हणून 0 आणि 1 यांना नुसता संकेत म्हणणे अपुरे आहे; मांडणीच्या कार्यकारणभावात त्यांना खरे स्थान आहे.

एवढ्यावरून मनाचा प्रश्न सुटत नाही. पचनाची संगणकीय प्रतिकृती अन्न पचवत नाही, हे सर्ल यांचे म्हणणे अजून उभे आहे, आणि चैतन्य पचनासारखे आहे की बेरजेसारखे, यावर एकमत नाही. चार्वाकांनी चैतन्य भूतांच्या मिश्रणातून उपजते असे मानले, नैयायिकांनी त्याला आत्म्याचा गुण म्हटले. बेरजेपुरता दिलेला निर्णय या वादाला लागू करता येत नाही.

आणि बेरीजही द्रव्यापासून पूर्ण मोकळी नाही. 1961 मध्ये रॉल्फ लँडाउअर यांनी दाखवले, की एक बिट पुसताना काही किमान ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावीच लागते. सामान्य तापमानाला ती एका ज्यूलच्या अब्जांश भागाच्या अब्जांश भागाहूनही कमी भरते. 2012 मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे एका सूक्ष्म कणावर प्रयोग करून या मर्यादेची पडताळणी झाली. ही किमान किंमत धारा कोणत्या जातीची आहे यावर ठरत नाही. ती भोवतालच्या तापमानावर ठरते, आणि पॅरामेट्रॉनला व ट्रान्झिस्टरला सारखीच लागू होते.