पुढचं आसन

हुमनाबादेत एक योगशिक्षक होते. पहाटे साडेपाचला ते खोली उघडून सतरंज्या अंथरत. वर्ग सुरू होण्याची अशी ठरलेली वेळ नव्हती. ज्याला जशी सवड होई तसा तो येई, हात जोडी आणि आपला आपण सुरू करी. कुणी सूर्यनमस्कार घालत असे, कुणी त्रिकोणासनात असे, तर कुणाचं शवासन चाललेलं असे. गुरुजी एक-दोन-तीन मोजत नसत. ते सतरंज्यांमधून फिरत, एखाद्याचा वर चढलेला खांदा हलकेच खाली आणत, कुणाच्या कानाशी दोन शब्द बोलत आणि पुढे जात.

ही रीत म्हैसूरची. तिथे महाराज कृष्णराज वडियारांच्या आश्रयाने कृष्णमाचार्यांनी 1933 साली जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा चालवायला घेतली. त्यांचे शिष्य पट्टाभि जोइस यांनी पुढे म्हैसुरातच शिकवलं. आसनांचा क्रम सगळ्यांना एकच, चाल मात्र ज्याची त्याची. एक आसन स्थिरावलं की मगच गुरू दुसरं देणार. कृष्णमाचार्यांचे दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्याला आले आणि ज्याचं अंग वळत नाही त्याला खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा यांचा आधार द्यायला शिकवून गेले. आमच्या गुरुजींनी दोन्ही घरचं घेतलं होतं.

त्यांच्याकडे तूरडाळीच्या गिरणीत काम करणारा एक तरुण येई. अंग मोठं लवचिक. मोबाईलवर बघून बघून त्याने अवघड आसनंही जमवली होती. तरी गुरुजींनी त्याला पश्चिमोत्तानासनावर थांबवून ठेवलं होतं. शेजारच्या सतरंजीवर शिवणकाम करणाऱ्या एक काकू असत. जन्मभर मशीनवर वाकून त्यांची पाठ धरली होती. हात पावलांपर्यंत पोचत नसत, म्हणून जुन्या साडीच्या काठाचा पट्टा त्यांनी स्वतःच शिवून आणला होता. तो तळव्यांना अडकवून त्या जेमतेम वीतभर पुढे झुकत.

एके दिवशी गुरुजींनी काकूंना पुढचं आसन दिलं, पूर्वोत्तानासन. तरुणाला राहवेना.

“गुरुजी, माझं काय चुकतंय सांगा की! माझं कपाळ नडगीला टेकतं. काकूंना पट्टा लागतो, तरी त्यांना पुढचं?”

“वाक बघू,” गुरुजी म्हणाले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर तळवा ठेवला. तो झपकन खाली गेला. कपाळ टेकलं. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. तळव्याखाली बरगड्या जागच्या हलत नव्हत्या.

“आत घेतलेला श्वास सोडलास कधी?”

तरुण गप्प झाला. श्वास त्याने वाकतानाच कोंडून धरला होता.

“काकू वीतभरच जातात, पण तिथे त्यांचा श्वास एकसारखा चालतो. मी आसन श्वास बघून देतो, बाळ. अंग किती वळलं ते मोजत नाही. तू माणिकनगरला दत्तजयंतीचं गाणं ऐकायला जातोस ना? सूर नीट लागल्याशिवाय कुठला गुरू पुढचा राग देतो?”

तरुणाला ते पटलं नाही. त्याने येणं सोडलं. एकवीस जूनला योगदिनाच्या कार्यक्रमात मैदानावर पहिल्या रांगेत बसला. असा एक दिवस सगळ्या गावाने मिळून योग करावा, हे चांगलंच आहे. त्यातून गोडी लागते. पण लाऊडस्पीकरच्या तालावर वाकताना त्याला पहिल्यांदाच जाणवलं की आपला श्वास मध्येच तुटतोय. आणि ते बघणारं तिथे कुणी नव्हतं, कारण समोरच्याने सगळ्यांसाठी मिळून एकच आकडा मोजायचा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे तो परत आला. गुरुजींनी काही विचारलं नाही. त्याची जागा दाखवली.

आता तो सावकाश वाकू लागला. कपाळ टेकेनासं झालं, याचं आधी त्याला वाईट वाटलं. पुढे त्याचं त्यालाच कळू लागलं, की रात्री गिरणीत जागरण झालं की पाठ आखडते आणि घाईने खाल्लं की पोट आड येतं. क्रम हळूहळू पुढे सरकला. थंडीच्या दिवसांत तो मरीच्यासनापर्यंत आला.

एका सकाळी गुरुजी म्हणाले, “चल, आज नावासन घे.”

“नको गुरुजी. डावीकडे वळताना अजून श्वास अडतो. थोडे दिवस इथेच राहतो.”

गुरुजींचा चेहरा उजळला. “मी याचीच वाट बघत होतो. पुढच्या आठवड्यात मी म्हैसूरला चाललोय. ही खोलीची किल्ली तुझ्याकडे राहू दे.”

गुरुजी गेले. खोली रोज साडेपाचला उघडत राहिली. जो तो येई आणि आपलं करून जाई. काकूंनी एकदा विचारलं, “काय रे, माझं पुढचं आसन कोणतं? तूच सांग की आता.”

“ते गुरुजी आल्यावर, काकू,” तो म्हणाला आणि आपल्या सतरंजीवर जाऊन मरीच्यासनाला बसला.