लुगड्यातील माउली

वार्षिक तपसाधनेसाठी आम्ही वसईहून गोव्याला गेलो होतो. साधना आटोपल्यावर एक दुपार मोकळी मिळाली, ती आम्ही पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात घालवली. येशूसंघाच्या या संस्थेत चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांची चित्रे मांडलेली होती. कुतूहलाने आत गेलो आणि मनात एक जुना सल घेऊन बाहेर पडलो.

फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव बेटावर एका कॅथलिक घराण्यात झाला. वैद्यकाचे शिक्षण अर्ध्यावर टाकून ते चित्रकलेकडे वळले आणि बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्या सान्निध्यात शिकले. गोव्यात परतल्यावर त्यांनी रंगवलेली मरियामाता साडी नेसलेली, अनवाणी, आपल्याच मातीतली होती. स्वकीयांना ती रुचली नाही. टीकेला कंटाळून ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहावयास गेले. तो आश्रम अँग्लिकन बांधवांचा! १९६७ साली पुण्यातच त्यांचे देहावसान झाले.

त्या चित्रांतले रंग पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन सौम्य केलेले आहेत. कोठे भडकपणा नाही, की दिपवणारी प्रभा नाही. बाळाला कुशीत घेतलेली ती माता पाहून आम्हांला प्रथम प्रार्थना आठवली नाही. आमची आई आठवली. आणि मग तो सल वर आला.

काही वर्षांपूर्वी धर्मग्रामातील एका वृद्ध मातेने आम्हांला मरियामातेचे असेच एक चित्र भेट दिले होते. चित्रातली मरिया लुगडे नेसलेली होती. "फादर, ही देवळात लावा," एवढेच ती म्हणाली. आम्ही ते चार जाणत्या मंडळींना दाखवले. "लोक काय म्हणतील?" असा प्रश्न आला. आम्ही वाद टाळला आणि चित्र सॅक्रिस्टीतल्या कपाटामागे ठेवून दिले. त्या मातेने पुन्हा कधी विचारले नाही. आज ती हयात नाही.

वाचकहो, त्या मंडळींचा आक्षेप अगदीच पोकळ होता, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या मूर्तीपुढे आजी-आजोबांनी गुडघे टेकले, जिच्यापुढे आजारपणात मेणबत्त्या लावल्या, तिच्याशी भक्तीचे नाते जडलेले असते. ते कोणी हलक्या हाताने तोडू नये. परंतु निळा झगा ल्यालेली, गोऱ्या वर्णाची मरिया तरी कोठली? नाझरेथची ती यहुदी कन्या इटलीतल्या स्त्रियांसारखी दिसत नसणार. तेथील चित्रकारांनी तिला आपल्या गावची केली, कारण तिच्यावर त्यांचे प्रेम होते. तेच प्रेम आपल्या चित्रकाराने केले, तर तो अनादर कसा?

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. मुक्तीची कथा मराठी ओवीत आली, तेव्हा ती आपल्या कानांना परकी वाटली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनेही १९६३ साली उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात स्पष्ट केले, की ख्रिस्तसभा कोणत्याही एकाच कलाशैलीला आपली मानत नाही. प्रत्येक लोकसमूहाच्या कलेला तिच्यात स्थान आहे. मग कानांनी जे स्वीकारले, ते डोळ्यांनी का नाकारावे?

आमच्या मते त्याचे उत्तर कलेत नाही, आपल्या मनात आहे. लाल चौकड्यांचे लुगडे नेसून पहाटेच्या मिस्साला येणारी, डोक्यावर भाजीची पाटी वाहून मुलांना शिकवणारी स्त्री आपण आपल्याच घरात पाहिली आहे. मुले शिकली, नोकरीला लागली आणि पाहुण्यांसमोर तिच्या लुगड्याची त्यांना लाज वाटू लागली. लुगड्यातील मरिया नको वाटते, ती पावित्र्याला बाधा येते म्हणून, की आपल्या आईचे रूप आपल्याला वेदीजवळ नेण्याइतके थोर वाटत नाही म्हणून? देवाच्या पुत्राने देहधारण केले, ते अशाच एका कष्टकरी घरात. ही गोष्ट आम्ही प्रवचनात शेकडो वेळा सांगितली असेल. कपाटामागे चित्र ठेवताना मात्र ती आम्हांला आठवली नाही.

गोव्याहून परतल्यावर आम्ही ते चित्र बाहेर काढले. काचेवरची धूळ पुसली. येत्या मे महिन्यात, मरियामातेच्या महिन्यात, ते देवळात लावण्याचा आमचा मानस आहे. कोणी आक्षेप घेतल्यास या वेळी आम्ही वाद टाळणार नाही. शेजारी बसून बोलू. ज्या मातेने ते दिले, तिची क्षमा मागण्याची वेळ मात्र आम्ही घालवली आहे. तुमच्या घरातली माउली अजून हयात असेल, तर तुम्ही ती घालवू नका.