ठाऊक असणे आणि सांगणे

धर्म सांगणारा मनुष्य म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे जी मूर्ती उभी राहते ती बहुधा वयस्क असते. केस पिकलेले, संसाराचे चटके सोसून झालेले, आणि बोलण्यापूर्वी थोडा वेळ गप्प राहणारी. अमेरिकेतील ज्या पंथास लोक मॉर्मन म्हणतात, त्याचे प्रचारक मात्र या चित्रात मुळीच बसत नाहीत. १८३० साली स्थापन झालेल्या या पंथाने २०१२ साली मुलांसाठी प्रचारकार्याची वयोमर्यादा एकोणीसवरून अठरावर आणली. शाळा संपते न संपते तोच मुलगा दोन वर्षांसाठी घर सोडतो. कोठे जावयाचे हे तो ठरवीत नाही. सॉल्ट लेक सिटीहून पत्र येते आणि त्यात देशाचे नाव असते. वेतन नाही, खर्चाचा भार त्याने व त्याच्या कुटुंबाने उचलावयाचा. आणि छातीवरच्या काळ्या पट्टीवर त्याच्या आडनावामागे ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा, ही पदवी लागते! २०२४ च्या अखेरीस असे ७०,००० हून अधिक प्रचारक जगभर पसरलेले होते.

अशा एखाद्या मुलाचा एक आठवडा आपण डोळ्यांपुढे आणू. युटाहमधील मुलगा आहे आणि जपानातील एका मध्यम शहरात त्याची नेमणूक झाली आहे. भाषा त्याला दीड-दोन महिन्यांत शिकविलेली आहे. म्हणजे त्याला वाक्ये येतात, संभाषण येत नाही. सकाळी साडेसहाच्या सुमारास उठणे, व्यायाम, ग्रंथवाचन, भाषेचा अभ्यास, आणि मग पांढरा सदरा व गळपट्टा चढवून सायकलीवर बाहेर पडणे. बरोबर एक जोडीदार असतो. तो त्याने निवडलेला नसतो आणि दृष्टीआड करावयाचाही नसतो. मंगळवारी बहुतेक दारे उघडत नाहीत. बुधवारी उघडलेले दार नम्रपणे मिटते. जपानी नकारात इतके सौजन्य असते की तो नकार होता हे मुलाला जिना उतरल्यावर कळते. एखाद्या संध्याकाळी इंग्रजीचा विनामूल्य वर्ग असतो. तेथे मात्र माणसे येतात, हसतात, बिस्किटे आणतात. शनिवार येतो तसा जातो. रविवारी लहानशा सभेत भाकरी व पाणी यांचा प्रसाद वाटला जातो, आणि आठवड्यात किती जणांस उपदेश केला, किती जण बाप्तिस्म्यास तयार झाले, याचे आकडे वर कळवावयाचे असतात. सोमवार त्याचा स्वतःचा. त्या दिवशी कपडे धुवावयाचे, बाजार करावयाचा आणि घरी पत्र लिहावयाचे. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत दूरध्वनीवर घरच्यांचा आवाज वर्षातून दोनदाच, नाताळास व मातृदिनास, ऐकावयास मिळे. तेव्हापासून दर आठवड्यास तशी मुभा मिळाली. ही मुभा देण्यास इतकी वर्षे लागावीत याचे आम्हांस आश्चर्य वाटते, पण तो विषय वेगळा.

आमचा विषय त्या मुलाच्या तोंडच्या एका वाक्याचा आहे. दार उघडले, बसावयास जागा मिळाली, तर बोलण्याच्या शेवटी तो साक्ष देतो, आणि या पंथाच्या साक्षीत रूढ क्रियापद ‘मानतो’ हे नसते. हे खरे आहे असे मला ठाऊक आहे, असे तो सांगतो. अठराव्या वर्षी, मोडक्यातोडक्या जपानीत, सत्तरीच्या गृहस्थापुढे. हे सांगण्याचा त्यास नैतिक अधिकार आहे काय?

मराठीत या दोन क्रियांची घडणच वेगळी आहे. ‘मी मानतो’ यात कर्ता मी असतो. मानणे ही माझी कृती, तिची जबाबदारी माझी. ‘मला ठाऊक आहे’ यात मी बाजूस सरतो. वस्तू आपल्या बळावर तेथे आहे आणि मी केवळ तिचा साक्षी. म्हणूनच दुसरे वाक्य ऐकणाऱ्यावर अधिक भार टाकते. मानणाऱ्याशी मतभेद करता येतो. ज्याला ठाऊक आहे त्याच्याशी मतभेद करणे म्हणजे त्यास फसलेला किंवा खोटा म्हणणे होय. आपल्याकडे गुरूची परीक्षा सांगितली आहे ती याच कारणाने. दुसऱ्याच्या अनुभवावर आपले नाव घालून तो विकणे हे आपल्या परंपरेस कधी मान्य झालेले नाही. व्यवहारात ते सर्रास चालत आले, ही गोष्ट निराळी.

याच्या उलट बाजूस एक वजनदार साक्षीदार उभा आहे. जॉन वेस्ली हा १७३५ साली अमेरिकेतील जॉर्जियात धर्मप्रसारासाठी गेला आणि दोन वर्षांनी निराश होऊन परतला. आपल्याच अंगी श्रद्धा नाही असे त्यास वाटू लागले. १७३८ च्या मार्चमध्ये त्याने पीटर बोलर या आपल्याहून वयाने लहान असलेल्या मोरेव्हियन मित्रास विचारले, मी उपदेश थांबवू काय? बोलरने सल्ला दिला तो असा की, थांबू नये; श्रद्धा येईपर्यंत श्रद्धेचाच उपदेश करीत राहावे, म्हणजे ती आल्यावर ती आहे म्हणूनच तो होईल. वेस्लीने तो मानला, आणि पुढे त्याच्या हातून केवढी चळवळ उभी राहिली हे सर्वश्रुत आहे.

हा सल्ला आम्हांस अर्धाच पटतो. मनुष्य पुष्कळ गोष्टी करूनच शिकतो, हे खरे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली निघाली तेव्हा तिचे आजीव सभासद वीस वर्षे अल्प वेतनावर शिकविण्याचे वचन देत. पंचविशीतल्या माणसास वीस वर्षे म्हणजे काय हे कोठून कळणार? तरी त्या वचनात असत्य नव्हते, कारण वचन पुढच्या काळाविषयी असते आणि ते खरे करणे देणाऱ्याच्या हाती असते. साक्ष ही आधीच घडलेल्याविषयी असते. तिला मागाहून खरे करता येत नाही. मुलाचे व्रत त्याचे आहे. ते कोणी हसण्यावारी नेऊ नये. साक्ष मात्र त्याच्या वडीलधाऱ्यांची आहे, आणि ती त्यांनी त्याच्या खिशात घातली आहे.

इतके लिहून झाल्यावर आम्हांस आमचीच एक गोष्ट आठवते आणि लेखणी अडते. आमच्या घरातील वृद्ध माणूस गेले त्या रात्री पाच वर्षांच्या मुलीने विचारले, आजोबा कोठे गेले? देवाघरी, असे आम्ही सांगितले. तिने पुन्हा विचारले, तुम्हांला ठाऊक आहे? आम्ही क्षणाचाही विलंब न लावता ‘हो’ म्हटले. आम्हांस ठाऊक नव्हते. ते आम्हांस आजही ठाऊक नाही. पण ‘आम्ही असे मानतो, बाळ’ हे उत्तर त्या रात्री आमच्या तोंडून निघाले नसते, आणि निघते तर ती झोपली नसती. मग त्या परक्या मुलास आम्ही कोणत्या तोंडाने दोष द्यावा? भेद एवढाच काढता येतो की ती आमची होती आणि तिने विचारले होते. त्याच्या दारातल्या म्हाताऱ्याने काही विचारलेले नाही. हा भेद खरा आहे. तो पुरेसा आहे की नाही, हे ठरविताना आमचे मन अजून डळमळते.

काळ हाही एक भेद आहे. टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला आणि पुढच्याच महिन्यात त्याने वडिलांस प्रवासाचे सविस्तर पत्र धाडले. त्याचे मराठी क्रिस्तपुराण छापून निघाले १६१६ साली. उतरल्यापासून सदतीस वर्षे! मधल्या काळात तो मौन धरून बसला होता असे नाही. पण जी भाषा बोलावयाची तिच्या शाळेत तो जन्मभर बसला, आणि म्हणून आज त्याचा धर्म न मानणारा मराठी वाचकही ते पुराण आपले म्हणून वाचतो. मॉर्मन पंथाचे पहिले प्रचारक १९०१ साली जपानात गेले. त्यांतला आल्मा टेलर हा सर्वांत लहान, जेमतेम एकोणिसाव्या वर्षात पोहोचणारा. तो साडेआठ वर्षे राहिला आणि त्याने पंथाचा मुख्य ग्रंथ जपानीत आणला. तो १९०९ साली प्रसिद्ध झाला. १९२४ साली ते काम बंद पडले तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या दोनशेदेखील नव्हती. आठवड्याच्या आकड्यांत टेलरची वर्षे कोणत्या रकान्यात मांडावयाची?

आणखी एक मुलगा आम्हांस विसरता येत नाही. पंथाच्या संस्थापकाचा पुतण्या जोसेफ एफ. स्मिथ यास १८५४ साली हवाई बेटांवर धाडले तेव्हा त्याचे वय पंधरा होते. बाप जमावाच्या गोळ्यांनी मेलेला, आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. तेथे तो तापाने आजारी पडला, आणि एका हवाईयन बाईने त्यास आपल्या पोरासारखे सांभाळून बरे केले. त्याने तिला कोणती साक्ष दिली हे कोणी सांगत नाही. पुढे अनेक वर्षांनी तो पंथाचा अध्यक्ष होऊन त्या बेटांवर उतरला, तेव्हा हार घेऊन आलेल्या गर्दीतून एका आंधळ्या म्हातारीचा आवाज आला. ती त्याच्या नावाचा हवाई उच्चार करून त्यास हाक मारीत होती. तो गर्दी सोडून तिच्याकडे गेला आणि आई, आई, म्हणून त्याने तिला मिठी मारली. तिने त्याच्यासाठी थोडी केळी आणली होती.